बाईंचे त्रेसष्ट आक्षेप

३ ऑक्टोबर १९९८, शनिवार, दुपारचे चार. रक्कम दोन हजार चारशे पन्नास रुपये. हजर: मी, माझी बायको आणि बाई.

ही रक्कम त्या दिवशी कुणी कुणाला दिली नाही. मी लिहिलेल्या 'ठिपका' नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामची ती किंमत होती आणि मी ती पहिल्यांदाच मोठ्यानं सांगत होतो. बाई चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला आणि विचारलं, "एवढं कशाचं?"

"प्रोग्रामचं. एका प्रतीचं."

"पावणं, मोजलासा का बघितलासा?"

बाई शिवाजी पेठेत आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायच्या. शाळेतून शिवणकामाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि मण्यांची तोरणं करून विकायच्या. मी त्या गल्लीत आठ वर्षं भाड्यानं राहत होतो, तरी त्यांच्या लेखी मी पावणाच होतो. बायकोला त्या पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हणायच्या. मला बढती मिळाली नाही.

'मोजलासा का बघितलासा' हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत त्या तो सगळ्यांना विचारायच्या. तोरणाच्या कामात नुसतं मोजून भागत नाही. ओळीतले मणी मोजून बरोबर येतात आणि चार हात लांबून बघावं तर मोराची मान मोडलेली असते. नुसतं बघूनही भागत नाही, कारण लांबून झकास दिसणाऱ्या मोराला एका बाजूला एक मणी कमी निघतो आणि दहाव्या ओळीला सगळं तिरकं होतं. बाईंच्या मते माणसं दोन जातीची, मोजणारी आणि बघणारी. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो. माझी जात त्यांनी उंबऱ्यावरच ओळखली होती.

"मोजलं," मी म्हणालो आणि कागद पुढं केला. कागद मी आदल्या आठवड्यातच तयार केला होता. प्रोग्राम लिहायला लागलेले तास अकराशे चाळीस, माझ्या पगाराच्या हिशेबानं तासाला वीस रुपये, म्हणजे बावीस हजार आठशे. जुना कॉम्प्युटर एकोणीस हजार पाचशे. वीज, फ्लॉप्या, पुस्तकं अठराशे. एकूण चव्वेचाळीस हजार शंभर. कोल्हापुरात गिऱ्हाईक किती मिळेल याची मी चौकशी केली होती आणि फार आशा न धरता अठरा हा आकडा धरला होता. भागाकार दोन हजार चारशे पन्नास. बाकी शून्य. बाकी शून्य आली म्हणजे किंमत बरोबर आहे, असं मला मनापासून वाटलं होतं.

बाईंनी कागद वाचला. त्या वाचताना एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावायच्या. जाड भिंगाचा चष्मा करून घ्यायला पैसे होते, पण जुने दोन चांगले असताना तिसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"माझं तोरण कितीला जातंय?" त्यांनी विचारलं.

"साडेतीनशेला."

"त्यात मणी आन् दोरा एकशेचाळीस. मला सुटतंय दोनशे धा. म्हयन्याला दोन तोरणं हुत्यात. म्हंजे तुमचं हे घ्यायला मी बारा तोरणं करायची. सा म्हयनं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "सा म्हयनं मी तुमच्यासाठी मणी ओवायचं व्हय? आन् तुमी काय करणार तंवर?"

माझी बायको दारात उभी होती. ती हसली. हे हसणं मला महागात पडणार हे मला कळलं, कारण कॉम्प्युटरचे एकोणीस हजार पाचशे मुळात स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा करायला ठेवलेले होते. ती अजून खाली बसून स्वयंपाक करत होती. तिनं तिथल्या तिथं, बाईंना साक्षीला ठेवून, मुदत घातली. "पुढच्या दिवाळीपत्तर वाट बघते. एकतर ओटा न्हाईतर हे खोकं. घरात दोन्हीला जागा न्हाई."

तर माझ्याकडे एक वर्ष आणि सोळा दिवस होते. दिवस मी लगेच मोजले. दुसऱ्या वर्षीची दिवाळी पंचांगाप्रमाणं पुढं सरकते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळं तो आकडाही चुकीचाच होता.

'ठिपका' म्हणजे काय ते सांगायला हवं. पडद्यावर चौकटींचं जाळं. एकेक चौकट हव्या त्या रंगानं भरायची. जवळून बघितलं तर नुसत्या रंगीत चौकटी, लांबून बघितलं तर चित्र. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी अशी चित्रं लागतात. परदेशात एकटा माणूस घरी बसून असा प्रोग्राम लिहितो आणि लोक त्याला पाकिटात पैसे घालून पाठवतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी प्रोग्राम लिहायला शिकलो होतोच. कॉम्प्युटरचे खेळ तयार करणारा एकही माणूस कोल्हापुरात नाही, ही गोष्ट प्रोग्राम पूर्ण होईपर्यंत मी तपासली नाही. पतसंस्थेत पाच रुपयांचं व्हाउचर मी दोनदा तपासायचो.

बाईंकडे जा म्हणून मुळात सांगितलं होतं ते बायकोनं. "त्यांचा जन्म चौकटी भरण्यात गेलाय," ती म्हणाली. "त्यांना तरी उपयोग होईल."

मी गेलो तेव्हा बाई जमिनीवर बसून मणी ओवत होत्या. भोवती इंजेक्शनच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या, साठ-सत्तर तरी असतील, प्रत्येकीत एका रंगाचे मणी. बाटल्यांवर रंगांची नावं नव्हती, नंबर होते. बाईंना लाल, हिरवा असं म्हटलेलं खपायचं नाही. "लाल म्हंजे कंचा? सात का आठ?" त्या विचारायच्या. त्यांना पोपटाकडे बघून "ह्यो एकवीस" म्हणताना मी ऐकलं आहे. काळ मोजायचीही त्यांची तऱ्हा होती. साल त्यांना सांगता यायचं नाही, तोरण सांगता यायचं. "धाकटा भाऊ गेला तवा माझं हत्तीचं तोरण चाललं हुतं, डावा हत्ती झाल्ता." गल्लीतल्या लग्नांच्या, बारशांच्या, मयतीच्या तारखा त्यांच्याकडे अशा हत्ती, मोर, राघू यांच्या हिशेबानं लागलेल्या असत. गल्लीजवळच्या बुद्धविहाराच्या दारावर पिंपळपानांचं तोरण होतं, तेही त्यांचंच. त्याचं एक पान जरा तोकडं होतं. ते करताना गडहिंग्लजहून वडील आजारी असल्याची तार आली होती. त्यांनी ते पान नंतर कधी दुरुस्त केलं नाही. कुणी दाखवलं तर म्हणायच्या, "ते तसंच हाय."

त्या माझ्या घरी आल्या, पण माउसला हात लावला नाही. मागं स्टुलावर बसून बायकोला सांगायच्या, "पोरी, दाब. एक घर डावीकडं. आता सात नंबर." बायको दाबायची. मी बाजूला उभा राहून वहीत नोंद करायचो की एक चौकट भरायला सरासरी साडेचार सेकंद लागतात. या नोंदीचा पुढं कशालाही उपयोग झाला नाही.

वापरणाऱ्यांचं मत घ्यावं असंही त्या मासिकात लिहिलं होतं. मी आठ छापील फॉर्म वाटले. अकरा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण, खाली 'योग्य किंमत किती वाटते?' असा रकाना. सात फॉर्म भरून आले. नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका पेंटरनं सगळीकडे पाच गुण देऊन 'लय भारी' लिहिलं होतं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता आणि त्यानं प्रोग्राम बघितलाही नव्हता. पतसंस्थेतल्या सहकाऱ्यानं लिहिलं, 'उत्तम. प्रगती करा.' मलकापूरच्या एका भरतकाम शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'मुलाला आवडले.' किमतीच्या रकान्यात तिघांनी लिहिलं होतं, 'आपल्या इच्छेप्रमाणे.' एकानं, 'ओळखीत किंमत काय लावायची?' बाकी तिघांनी रकाना कोरा सोडला. गुणांची सरासरी चार पूर्णांक सहा आली. दोन दिवस मी फार खुशीत होतो.

आठव्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. फॉर्म कोराच होता. त्याला दोऱ्यानं शंभर पानी वही बांधलेली होती आणि वहीत लाल शाईनं लिहिलेले त्रेसष्ट आक्षेप होते. बाई बोलायच्या पक्क्या गडहिंग्लजच्या, पण लिहायच्या पुस्तकासारखं. शाळेत असताना मुलींच्या वह्या तपासायची सवय. काही आक्षेप मला अजून पाठ आहेत.

'४. लाल रंग चार आहेत. दुकानात दोनच मिळतात. उरलेले दोन कोठून आणावेत?'

'११. चूक झाल्यास एकच पाऊल मागे जाता येते. मला चूक तीन ओळी पुढे गेल्यावर दिसते. सर्वांनाच तशी दिसते.'

'१९. कोणत्या रंगाचे किती मणी लागतील हे सांगत नाही. मग संगणक दिवसभर मोजतो तरी काय?'

'२३. प्रत्येक वेळी "नक्की का?" असे विचारतो. नक्की असल्याखेरीज मी काही करीत नाही.'

'३०. सुरू करताना पुस्तिकेच्या सातव्या पानावरील चौथा शब्द विचारतो. रोज परीक्षा कशासाठी?'

हा तिसावा आक्षेप मला लागला. लोकांनी फ्लॉपीची नक्कल करून फुकट वापरू नये म्हणून मी ते कुलूप बसवलं होतं आणि त्यावर माझे नव्वद तास गेले होते. शेवटचा आक्षेप असा होता: '६३. किंमत. तोंडी सांगितले आहे.' त्याखाली एक रेघ आणि गुण. पस्तीसपैकी तेरा. 'पुन्हा करून आणावे.'

मी वही बायकोला दाखवली. मला वाटलं ती म्हणेल, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. ती चाळत बसली, मधेच हसली आणि म्हणाली, "एकोणीस आधी करा."

एकोणीस आधी केला. मण्यांची रंगवार मोजदाद. तेवढ्यानं बाई पहिल्यांदा पुढं सरकून पडद्याजवळ आल्या. मोराच्या तोरणाचे आकडे पडद्यावर आले तसे त्यांनी आपल्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. एका रंगात दोन मण्यांचा फरक निघाला. बाईंनी पुन्हा मोजलं. त्यांचं चुकलं होतं. "चालंल," त्या म्हणाल्या. 'छान' हा शब्द बाईंनी आयुष्यात कुणाला वापरला नाही. 'चालेल' ही वरची श्रेणी होती. शाळेत त्यांच्या हातून 'चालेल' मिळालेल्या मुली लग्न होऊन गेल्यावरही ते सांगायच्या.

कुलूप काढायला मात्र मी तयार नव्हतो. "बाई, मग लोक नकला करतील. एक घेईल आणि दहा जण वापरतील."

"वापरू द्या की. मी अडतीस वर्सं नमुन्याच्या वह्या काढल्या. एकजण न्हेती, परत देत न्हाई. माज्याजवळ ऱ्हात न्हाई. ह्यातनं कितीबी न्हेऊ द्या, हितं ऱ्हातंयच की." त्यांना यात माझं नुकसान दिसत नव्हतं, त्यांना त्यात एक चमत्कार दिसत होता. त्यांच्याकडे उरलेल्या वह्यांतले चोवीस नमुने त्यांनी त्या थंडीत बायकोकडून पडद्यावर भरून घेतले. मी ते दुसऱ्या एका फ्लॉपीवर घालून ठेवले. प्रोग्रामबरोबर नमुना म्हणून फुकट द्यायला बरे, एवढाच त्यामागं माझा विचार.

मग बॉलचं तोरण झालं. त्याशिवाय बाईंचं वर्णन पुरं होणार नाही आणि माझंही.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात आणि आमच्या भागातल्या तालमीचा संघ त्या वर्षी जोरात होता. तालमीच्या दारावर लावायला मधोमध फुटबॉल असलेलं तोरण हवं म्हणून तालमीचे अध्यक्ष बाईंकडे आले. बाईंनी मोर, राघू, कमळ, हत्ती सगळं केलेलं, पण पुरा गोल कधी केला नव्हता. मला फार आनंद झाला. 'ठिपक्या'मध्ये वर्तुळ काढायची सोय होती. मी गणितानं वर्तुळ काढून दिलं, चोवीस चौकटी रुंद, चोवीस उंच, चारी बाजूंनी तंतोतंत. बाईंनी कागदाकडे बराच वेळ बघितलं.

"बरोबर हाय न्हवं?"

"शंभर टक्के."

"मोजलासा?"

"मोजलं."

त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

सव्वा महिन्यानं तोरण झालं. तालमीसमोर ते टांगलं तेव्हा पन्नासएक माणसं जमली होती. अध्यक्षांनी मान वाकडी करून बघितलं. "बाई, ह्यो बॉल हाय का अंडं?" मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येला किक मारली तर जाईल कुणीकडं?" आणि सगळी तालीम हसली. कोल्हापुरात फुटबॉलच्या आकाराबद्दल लोकांचं मत पक्कं असतं.

मी तिथं उभा होतो. मी खिशातली पट्टी काढली. खरं सांगतो, मी तालमीच्या दारात स्टुलावर चढलो आणि लोकांना मणी मोजून दाखवायला लागलो. आडवे चोवीस, उभे चोवीस. "बघा, सारखे आहेत," मी म्हणालो. बाई खालून म्हणाल्या, "पावणं, उतरा खाली. तुमचं बरोबर हाय. पण ते गोल न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी मला एक मणी दाखवला. मणी चौकोनी नसतो आणि ओवल्यावर गोलही राहत नाही. बारा मणी आडवे ठेवले की जेवढी लांबी होते तेवढी उभ्या दहातच होते. माझ्या पडद्यावरच्या चौकटी चारी बाजूंनी सारख्या होत्या, म्हणून वर्तुळ वर ताणलं गेलं. चोवीसला वीस हवे होते.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"अडतीस वर्सं. मोराची मान त्या हिशेबानंच आखूड काढती की मी."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलासा का? तुमच्या कागदावर अकरा प्रश्न. त्यात मण्याचा एकबी न्हाई." त्यांनी मणी परत बाटलीत टाकला. मग म्हणाल्या, "आन् मलाबी वाटलं, एवढं शिकल्यालं माणूस शंभर टक्के म्हणतंय. मी बघितलं न्हाई. माजंबी चुकलं."

चूक दोघांची ठरली, पण शिक्षा मला एकट्याला झाली. तोरण मधोमध उसवायचं होतं. पुढचे तीन रविवार मी बाईंच्या घरी जमिनीवर बसून सुटलेले मणी नंबरवार बाटल्यांत भरले. चिमटा वापरायला परवानगी नव्हती. पाठ धरायची. माझे सहा आणि सात नंबर सतत मिसळायचे. बाई न बघता, बाटलीच्या आवाजावरून म्हणायच्या, "त्यात दुसरं पडलं." मणी भरताना मी त्यांना विचारत गेलो. त्रेसष्टमध्ये न लिहिलेलं पुष्कळ होतं. त्यांना लांबून बघायला एक वेगळं बटण हवं होतं, मोजायला वेगळं. गणिताचं वर्तुळ असलं तरी कडेचा एखादा मणी हातानं मागंपुढं करायची मुभा हवी होती. तीन रविवारांत मी जे शिकलो ते अकराशे चाळीस तासांत शिकलो नव्हतो. ते तास मी किमतीत मात्र धरले होते.

फेब्रुवारीत दुरुस्त प्रत तयार झाली. कुलूप काढून टाकलं होतं. बाईंनी बघितलं, मोजलं, आणि बायकोकडे वळून म्हणाल्या, "चालंल." मग माझ्याकडे वळून, "आता किंमत."

त्यांचं म्हणणं साधं होतं. एका तोरणात बाईमाणसाला जेवढं सुटतं तेवढी किंमत. ज्या दिवशी पहिलं तोरण विकलं त्या दिवशी प्रोग्राम फिटला. दोनशे दहा रुपये. मी हिशेब मांडला. चव्वेचाळीस हजार शंभर भागिले दोनशे दहा, बरोबर दोनशे दहा प्रती. तेवढ्या विकणं अशक्य होतं, पण आकडा जुळला याचा मला त्याही अवस्थेत आनंद झाला.

दिवाळीपर्यंत एकतीस प्रती गेल्या. माझ्या अंदाजापेक्षा तेरा जास्त. मी त्याचं श्रेय प्रोग्रामला दिलं आणि घेणाऱ्या प्रत्येकीला जोडकार्ड पाठवून विचारलं, प्रोग्राम कसा वाटला, काय सुधारावं. बावीस कार्डं परत आली. 'नमुना नंबर चौदाचे मोर फार आवडले.' 'हत्तीचे अजून नमुने आहेत का?' 'कमळाचे पाठवा.' प्रोग्रामबद्दल एकीनंही अक्षर लिहिलं नव्हतं. स्वतः एक चौकट तरी भरून बघणारी एकही निघाली नाही. गडहिंग्लजहून एकीनं विचारलं होतं, 'दुसरी फ्लॉपी तेवढी मिळेल का? पहिलीचे काम पडत नाही.' पहिल्या फ्लॉपीवर मी होतो. दुसऱ्या फ्लॉपीवर बाई होत्या.

कार्डं वाचून झाली आणि मला दुसरी गोष्ट सुचली, घेणाऱ्यांचे पत्ते बघायची. एकतीसपैकी चौदा जणी आमच्याच पेठेतल्या, ओळखीच्या निघाल्या आणि त्यांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता. मी बायकोला विचारलं, "मग ह्या फ्लॉपीचं करतात काय?"

"काय करतात म्हणजे? हितं येतात," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसात असता तेव्हा. दोन ते चार."

मग कळलं की फेब्रुवारीपासून रोज दुपारी आमच्या घरी चार-पाच बायका फ्लॉपी घेऊन येत होत्या. बायको त्यांना नमुना काढून दाखवायची, रंग बदलून द्यायची, मण्यांचा हिशेब छापून द्यायची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांनाही पहिल्यांदा इथंच शिकवून पाठवलेलं होतं. छपाईची रिबन इतक्या लवकर का संपते हे मी तीन वेळा दुकानदाराला विचारून आलो होतो. त्याच्याशी भांडलोही होतो.

३१ ऑक्टोबर १९९९ ला, रविवारी, दिवाळीच्या आधी एक आठवडा, मी हिशेब पुरा केला. मुदत संपत आली होती. एकोणीस हजार पाचशे सुटायचे होते, जमा होती सहा हजार पाचशे दहा. कॉम्प्युटर विकावा लागणार हे उघड होतं. जुन्या बाजारात त्याचे आठ हजार येतील अशी चौकशीही मी करून ठेवली होती. त्याआधी बाईंचा वाटा द्यायचा होता, कारण माल त्यांचा विकला गेला होता. मी बाईंना बोलावलं. बायको भाजी निवडत बसली होती.

कागद असा होता. जमा ६,५१०. वजा फ्लॉप्या बासष्ट, ९३०. रिबन आणि कागद ३३०. वीज २४०. शिल्लक ५,०१०. निम्मे बाईंना २,५०५, निम्मे मला २,५०५.

बाईंनी दोन्ही चष्मे लावले आणि पर्समधून लाल पेन काढलं. फ्लॉप्यांवर बरोबरची खूण केली. रिबनीवर केली. विजेवर काट मारली. "लाइट काय तुमी ह्यापायी घेतलीसा? घरात हायच की." शिल्लक खोडून त्यांनी ५,२५० लिहिलं. मग निम्म्या-निम्म्यावर पेन टेकवून बराच वेळ बसल्या.

"ह्यात पोरगी कुठं हाय?"

मी म्हणालो, "ती घरचीच आहे."

"तुमी बाहेरचं हायसा?"

बायको भाजी निवडत होती, पण हात थांबला होता.

"एकतीस बायकांना शिकवलं कुणी? मी न्हाई. तुमी तर दुपारी घरातच नसतासा." बाईंनी निम्म्यावर काट मारली आणि तीन रेघा ओढल्या. "नमुनं माजं. मशीन तुमचं. शिकवणं हिचं. तिघांत वाटा." त्यांनी कडेला आकडा मांडला. सतराशे पन्नास, तीनदा. बाकी शून्य. तो बरोबर होता. मी तपासला.

"आणि कॉम्प्युटर?" मी विचारलं. "तो तर विकायचाय."

"कुणी सांगितलं विकायचा?" बायको म्हणाली.

"तूच. ओटा नाहीतर खोकं."

"ते गेल्या वर्षी. तेव्हा त्याचा उपयोग तुम्हीच करत होता." तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. "दिवाळीनंतर दुपारचा क्लास सुरू करणार आहे. म्हयन्याला चाळीस रुपये. बारा जणींनी नाव दिलंय. ओटा मी करीन. कॉम्प्युटर मात्र आतल्या खोलीतनं इकडं उजेडात आणायचा. आणि तुमच्या त्या वह्या तिथनं हलवायच्या."

बारा गुणिले चाळीस, चारशे ऐंशी. ओट्याला किती महिने लागतील ते मी मनात मांडायला लागलो. बाई म्हणाल्या, "पावणं, आदी पैसं काढा."

मी कपाटातून रोकड काढली आणि तीन पाकिटांत भरली. पतसंस्थेची सवय म्हणून पावत्या लिहिल्या, प्रत्येकी रुपये एक हजार सातशे पन्नास फक्त. बाईंनी पाकीट न उघडता पदराखाली घेतलं आणि पावतीवर सही केली. बायकोपुढं पावती ठेवली तर ती म्हणाली, "थांबा, मोजते." आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि मी दिलेले पैसे तिनं मोजल्याचं मला आठवत नव्हतं. तिनं नोटा मांडीवर पसरल्या, दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "धा कमी हायत."

मी माझं पाकीट उघडून मोजलं. सतराशे साठ होते. दहाची नोट काढून मी तिला दिली. मग तिनं सही केली.